शंखोबाची सतरा नाणी

माझ्या धाकट्या बहिणीने माझ्याकडे जन्मात एकच गोष्ट मागितली, आणि ती मागतानाही तिने आधी मला माझ्याच व्याख्येत अडकवले.

"दादा, नाणं म्हणजे काय ते सांग बघू पुन्हा एकदा," ती म्हणाली.

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील खोलीत ती उशांना टेकून बसली होती. नाकाशी प्राणवायूची नळी होती आणि प्रत्येक वाक्यानंतर तिला थांबावे लागे. परंतु वाद घालण्याची जी हौस आम्हा भावंडांत जन्मापासून आहे, तिला त्या थांबण्याने धारच आली होती. डॉक्टरांनी त्याच सकाळी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितले होते की फुप्फुसे आता साथ देणार नाहीत. आठवडा मिळाला तरी पुष्कळ. मी हे तिला सांगितले नव्हते. तिनेही विचारले नव्हते.

"एखाद्या सत्तेने आपल्या नावाने काढलेला, ठरलेल्या वजनाचा आणि ठरलेल्या किमतीचा धातूचा तुकडा," मी म्हणालो. संग्रहालयाच्या नाणेविभागात सूचीकार म्हणून चौतीस वर्षे काढल्यानंतर ही व्याख्या मला झोपेतही म्हणता येते.

"माझ्या शंखोबावर देशाचं नाव आहे?"

"आहे."

"किंमत?"

"छापली आहे."

"छापली आहे म्हणे! आहे की नाही?"

"आहे."

"आणि वजन?"

"टिल्ली, ज्या बेटाच्या नावाने ती काढली आहेत, त्या बेटावरच्या एकाही माणसाच्या खिशात ती कधी गेलेली नाहीत. ती परस्पर हौशी लोकांना विकण्यासाठी..."

"आणि तुझी ती हंड्यात सापडलेली हिरवीगार नाणी कुणाच्या खिशात होती? हजार वर्षं मातीतच होती ना?" ती हसली, हसताना खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत मला या कुतर्काचे खंडन करावेसे वाटेनासे झाले. "म्हणजे नाणीच आहेत. झालं तर मग. त्यांची नोंद कर. तुझ्या पद्धतीनं, तुझ्या त्या रटाळ भाषेत. आणि खाली लिही, रंग कुणाचा आहे ते. लिहून मला वाचून दाखव."

"कधीपर्यंत?"

"डॉक्टरांनी तुला जितके दिवस सांगितलेत, त्याच्या एक दिवस आधी."

टिल्ली हे नाव तिच्या उंचीवरून पडलेले. ते अडुसष्टाव्या वर्षापर्यंत टिकले, कारण उंचीही तेवढीच टिकली. व्यंगचित्रपट काढणाऱ्या एका कंपनीत तिने सव्वीस वर्षे रंग भरण्याचे काम केले. पडद्यावरचे हलते चित्र त्या काळी हाताने होत असे: पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याच्या पुढच्या अंगाला एक जण रेघ काढी आणि मागच्या अंगाने दुसरे कोणी रंग भरी. ते दुसरे कोणी म्हणजे टिल्ली आणि तिच्यासारख्या आणखी अकरा बायका. चित्रपटाच्या शेवटी जी नावांची यादी सरकत जाई, तीत रेघवाल्यांची नावे असत, रंगवाल्यांची नसत. चित्रण आटोपले की पत्रे धुऊन पुन्हा वापरीत, आणि ते धुण्याचे कामही रंगवाल्यांकडेच असे. सव्वीस वर्षांचे आपले सारे काम तिने अशा रीतीने स्वतःच्या हाताने पुसून टाकलेले होते.

शंखोबा हा त्या कंपनीचा लाडका नायक. तो गोगलगाय असून टपालवाला होता. पाठीवर शंख, डोक्यावर टोपी, आणि खांद्याला पिशवी. गोगलगायीला खांदा नसतो हा आक्षेप मी पहिल्याच दिवशी नोंदवला होता. वाढदिवसाच्या शुभेच्छा तो पुढच्या वाढदिवसाला पोचवी आणि ज्याला त्या मिळत तो नेमका त्याच दिवशी एकटा बसलेला असे, एवढेच त्या गोष्टींचे सूत्र. एक अख्खी पिढी त्याच्यावर वाढली. पुढे कंपनी बंद पडली. आणि ती बंद पडून बरीच वर्षे झाल्यावर एका टांकसाळीने शंखोबाची चांदीची नाणी काढण्याचे ठरवले, दर वर्षी एक. दर्शनी बाजूला त्या बेटाचे चिन्ह, मागच्या बाजूला कोरलेला शंखोबा, आणि कोरीव रेघांच्या आत छापलेला रंग. शंखाचा रंग मात्र टांकसाळीच्या लोकांना जमेना, कारण जुन्या चित्रफितींवर तो प्रत्येक प्रतीत वेगळा विटलेला होता. तेव्हा त्यांनी शोधत शोधत टिल्लीला गाठले. ती तेव्हा माझ्याकडेच राहायला आली होती. मी विधुर, ती अविवाहित. आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन दिवस बश्या मांडून तिने रंग कालवले. टांकसाळीकडून आभाराचे पत्र आले ते बंद पडलेल्या कंपनीच्या नावाने आले.

त्यानंतर दर वर्षी ती बाजारपेठेतल्या दुकानातून नवा शंखोबा आणी आणि माझ्यासमोर धरी. मी तो कडेने धरून दर्शनी बाजूवरचे साल वाची, कड तपाशी, आणि "छान आहे बिल्ला" म्हणून परत देई.

"दादा, उलटव की जरा," ती म्हणे.

मी उलटवीत असे. पाहत असे, असे मात्र प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

तर त्या दिवशी मी रुग्णालयातून घरी आलो तो तडक कामाला बसलो. सतरा वर्षांत पहिल्यांदाच तो अल्बम मी आपण होऊन उघडला. टिल्लीने नाणी ठेवली होती ती टपालतिकिटांसाठी मिळणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या खिशांत. असले प्लास्टिक काही वर्षांनी पाझरते आणि नाण्यांवर एक चिकट थर बसवते. आमच्या विभागाचा पहिला नियम असा की, दुसऱ्याने माखलेल्या नाण्याचे वर्णन लिहू नये. आधी त्याला ॲसिटोनचे स्नान घालावे. ॲसिटोन सोन्याला शिवत नाही, चांदीला नाही, तांब्यालाही नाही. तेलकटपणा आणि प्लास्टिक तेवढे घेऊन जातो आणि मागे वासही ठेवत नाही. मी हजारो नाणी त्यातून काढली आहेत. नव्याने आलेल्या प्रत्येक सहायकाला मी सांगत असे की हा द्रव पाण्यापेक्षा निरुपद्रवी आहे. जे मी सांगत होतो ते खरेच होते. फक्त मी सांगत होतो ते धातूविषयी.

दुसरा नियम एका वेळी एकच नाणे घेण्याचा. तो मी त्या दिवशी मोडला. दिवस थोडे होते, हे एक कारण. दुसरे कारण लिहिणे जड जाते, पण लिहिलेच पाहिजे: ती सतरा नाणी माझ्या लेखी वेगवेगळी सतरा नव्हतीच. काचेच्या दोन पसरट तबकांत मी ती मांडली, एकात नऊ, दुसऱ्यात आठ. रिवाजाप्रमाणे दर्शनी बाजू वर, म्हणजे चित्र खाली. द्रव ओतला, झाकणे ठेवली. इतक्यात रुग्णालयातून फोन आला. टिल्लीचा वाचायचा चष्मा कपाटात कुठे आहे, आणि नव्या औषधाला माझी संमती आहे काय, असे दोन प्रश्न होते. चष्मा शोधण्यात वीस-पंचवीस मिनिटे गेली.

परत आलो तेव्हा तबकांतला द्रव नारिंगी झाला होता.

माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता: केवढा हा मळ!

मग मी चिमट्याने एक नाणे उचलून उलटवले. ते निर्दोष होते. चांदी लखलखत होती, शंखोबाची एकूण एक रेघ खोल आणि रेखीव होती, आणि त्या रेघांच्या आत काहीही नव्हते. मी दुसरे उचलले, तिसरे उचलले. सतराही कोरड्या फडक्यावर ओळीने मांडली. इतके स्वच्छ, इतके व्यवस्थित काम माझ्या हातून क्वचितच झाले असेल.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी बाजारपेठेत गेलो. त्या दुकानदाराला "बिल्लेवाला" हे नाव मीच दिलेले होते, आणि ते त्याला ठाऊक होते.

"या, या, सूचीकार! आज इकडे कुठे वाट चुकलात?" तो म्हणाला. "जुनं खोड आमच्या बिल्ल्यांत?"

"शंखोबा आहे का?"

"ताईंकडे सतराच्या सतरा आहेत की. आता कुणासाठी?"

मी सांगितले. तो हसला असता तर बरे झाले असते. त्याने हातातले फडके खाली ठेवले.

"ॲसिटोन? तुम्ही? अहो, प्रत्येक डबीत कागद असतो. रंगावर कोणताही द्रव लावू नये म्हणून मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं."

"त्या कागदाला मी जाहिरात समजत होतो."

"वाचलात नाही?"

"नाही."

"चौतीस वर्षं वाचायचीच नोकरी केलीत ना हो तुम्ही?" एवढेच म्हणून तो आत गेला आणि बऱ्याच वेळाने एक डबी घेऊन आला. "एकच आहे. सातव्या वर्षाचं. बाकीची कुठे मिळायची नाहीत आता; ज्यांच्याकडे आहेत ते सोडत नाहीत. घेऊन जा, आणि ताईंना विचारलंय म्हणून सांगा. काय झालंय त्यांना?"

मी पैसे मोजले आणि डबी खिशात घातली.

वाटेत मी मनाशी एक बेत पक्का केला. ती सातवे नाणे पाहील, तेवढ्याने तिचे समाधान होईल, उरलेली घरी सुरक्षित आहेत असे मी म्हणेन. "सुरक्षित" या शब्दाचा अर्थ ताणला तर त्यात खोटे काही नव्हते. माणूस आयुष्यभर शब्दांची काटेकोर निवड करतो ती कशासाठी, हे मला त्या रस्त्यावर कळले.

टिल्लीने डबी उघडली, नाणे दोन बोटांत कडेने धरले आणि खिडकीकडे वळवले.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"काहीतरीच काय!"

"माझ्या सातव्याच्या टोपीचा रंग रेघेच्या बाहेर गेलाय. केसभर. मी मुद्दाम तेच घेतलं होतं. बिल्लेवाला म्हणाला, ताई, चांगलं देतो. म्हटलं, राहू दे, याला दुसरं कोण नेणार." तिने नाणे मांडीवर ठेवले. "माझं कुठे आहे, दादा?"

मी सांगितले.

"कशानं म्हणालास?"

"ॲसिटोननं."

"किती वेळ ठेवलंस?"

"वीस-पंचवीस मिनिटं."

"अर्ध्या मिनिटात गेला असेल," ती म्हणाली. तिच्या स्वरात रंग भरणाऱ्या बाईची कोरडी माहितगारी होती. "आम्ही पण कुंचल्यांवरचा वाळलेला रंग त्यानंच काढायचो. सगळी?"

"सगळी."

मग मी बोलू लागलो. मऊ प्लास्टिक, चिकट थर, पहिला नियम, दुसरा नियम, फोन, चष्मा. प्रत्येक वाक्य बिनचूक होते.

"पुरे, दादा," ती म्हणाली. "तू चुकलास ना?"

"चुकलो."

"हा शब्द तुझ्या तोंडून ऐकायला सतरा शंखोबा खर्ची पडले माझे." ती हसण्याच्या बेतात होती. पण हसली नाही. भिंतीकडे वळली आणि चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. तिची पाठ हलत होती. खोकल्याने की कशाने, हे पाहायला मी पलंगाच्या त्या बाजूला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोरे नोंदपत्रक घेऊन गेलो.

"तू रंग सांग, मी लिहितो," मी म्हणालो. "सतराही सांग."

"मी सांगितलेलं लिहिलंस तर ती माझी नोंद झाली. जे स्वतः पाहिलं तेच लिहायचं, हा नियम कुणाचा?"

"माझा."

"मग?"

"आता पाहायला उरलंय कुठे?"

"हे आहे ना. बिल्लेवाल्याचं असलं म्हणून काय झालं? रंग माझाच आहे त्याच्यावर. एकच कर, पण नीट कर." तिने श्वास घेतला. "आणि वाचून दाखव म्हटलं होतं, ते विसरू नकोस. शेवटच्या ओळीसकट."

मी भिंग काढले, खुर्ची खिडकीशी नेली, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदाच शंखोबाकडे पाहिले.

"शंख. नारिंगी," मी म्हणालो.

"संत्रं कधी सोलून पाहिलेलं दिसत नाही तू."

"तांबूस पिवळा."

"दोन रंग सांगू नकोस. तो एकच आहे."

मी बराच वेळ पाहिले. धातूच्या झिजेसाठी माझ्याकडे तीसएक शब्द आहेत. रंगासाठी शाळेतल्या पेटीइतकेच होते. "जर्दाळूसारखा?"

"कच्च्या की पिकलेल्या?"

"पिकलेल्या."

"आजच्या की कालच्या?"

मी भिंग बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिले, पुन्हा भिंगातून पाहिले. त्या रंगात कुठेतरी एक किंचित थकवा होता. ताजेपणा नुकताच उतरलेला.

"कालच्या," मी म्हणालो.

तिने डोळे मिटून मान हलवली. "लिही."

टोपीला दोन दिवस लागले. मी "निळी" म्हटले तेव्हा तिने विचारले, "कुठली निळी? शाई निळी असते, तुझा तो बाहीला ठिगळ लावलेला सदराही निळा आहे." मी औषध द्यायला आलेल्या परिचारिकेला साक्षीला बोलावले.

"सिस्टर, ही टोपी कोणत्या रंगाची?"

"निळी की हो, आजोबा."

"दोघं एकाच शाळेतले," टिल्ली म्हणाली.

अखेर मी "धुऊन धुऊन आणि उन्हात वाळून विटलेल्या गणवेशाची निळी" असे म्हटले, आणि तेही फारशा आशेने नव्हे.

"राखाडी घातला होता मी त्यात, चिमूटभर," ती म्हणाली. "रेघवाले ओरडले माझ्यावर, मळकट दिसतं म्हणून. म्हटलं, दिवसभर उन्हात हिंडणारा माणूस तो. त्याची टोपी विटायला नको?"

हे मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. आणि मी कधी विचारले नव्हते, हेही त्याच क्षणी ध्यानात आले. एकाच घरात राहून जेवताना आम्ही राजकारणावर, भाषेवर, कुकरच्या शिट्ट्या किती घ्याव्यात यावर तासन्‌तास भांडलो होतो.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही पिशवीपाशी आलो. तिचे बोलणे आता एकेका शब्दावर आले होते. "तपकिरी" ला तिने नुसती भुवई उचलली. "चामड्याची" म्हटल्यावर बोट हलवले: पुढे. "भिजून वाळलेल्या चामड्याची," मी म्हणालो.

"लिही," ती म्हणाली.

मी लिहिले आणि तोवरचे सगळे तिला वाचून दाखवले: वजन, व्यास, साल, दर्शनी बाजू, मागची बाजू, शंख, टोपी, पिशवी. ती लक्ष देऊन ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने कागदाच्या तळाशी बोट दाखवले.

"ते शेवटी," मी म्हणालो. "आधी पट्टा राहिलाय."

नोंदपत्रकाला एक क्रम असतो. सर्व वर्णन पुरे झाल्यावरच घडवणाऱ्याचे नाव येते. अपुऱ्या वर्णनाखाली नाव लिहीत नाहीत. चौतीस वर्षांत मी हा क्रम कधी मोडला नव्हता आणि त्या दुपारीही तो मोडावा असे मला सुचले नाही. मी खिडकीशी गेलो, पिशवीच्या पट्ट्यावर भिंग धरले आणि शब्द शोधू लागलो. पिशवीचाच रंग तो, पण खांद्याशी घासून उजळलेला. की घामाने काळवंडलेला? मला पहिल्या उत्तरात चूक करायची नव्हती. चांगली पंधरा मिनिटे गेली असतील. मी वळून "पट्टा," एवढे म्हणालो, तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असेल म्हणून मी लेखणी हातात धरून बसून राहिलो. परिचारिका आली, तिने मनगटावर बोटे ठेवली, माझ्याकडे पाहिले, आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

सगळे विधी, सह्या आणि माणसांचे येणे-जाणे आटोपल्यावर मी नोंदपत्रक पुन्हा काढले. तळाच्या ओळीत रंगकार म्हणून तिचे पूर्ण नाव लिहिले. अक्षर चांगले आले आहे. ती ओळ आधी लिहिली असती तर पत्रकाचा क्रम चुकला असता, इतकेच. ते तपासणारा त्या खोलीत माझ्यावाचून दुसरा कोणी नव्हता. रंग गेलेल्या सतराही नाण्यांची पत्रके केली आहेत. त्यांत "स्थिती" या सदरात रंग सूचीकाराच्या हातून नष्ट झाल्याचे लिहिले आहे, आणि रंगकार म्हणून तिचे नाव तिथेही दिले आहे.

पट्ट्याची जागा मात्र मोकळी आहे. दोन शब्द सुचले होते, दोन्ही पेन्सिलीने लिहून पाहिले. पहिल्यावर ती काय म्हणाली असती, ते मला ठाऊक आहे. म्हणून तो खोडला. दुसरा बरोबर असावा असे मला वाटते. पण "लिही" असे म्हणणारे कोणी नाही, आणि दर वेळी पत्रक उघडले की मी तो लिहितो आणि पुन्हा खोडतो.